पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह कम्प्युटरवर कसा चढवायचा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बाबा गेल्यानंतर त्यांच्या कपाटातून पाच स्टॉकबुकं (तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या), एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत भरलेली सुटी तिकिटं निघाली. आईने विचारलं, यात नेमकं आहे तरी काय काय, आणि मला काहीच सांगता येईना. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी ही तिकिटं बघितली होती, पण कुठलं कुठे आहे, किती आहेत, कुठला सेट पुरा आहे हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात होतं. मग मी ठरवलं की सगळं कम्प्युटरवर घ्यायचं. दीड वर्ष लागलं, चार हजारांच्या वर तिकिटं निघाली, आणि त्यातले पहिले दोन महिने सरळ फुकट गेले कारण सुरुवात कशी करायची ते सांगणारं कोणी नव्हतं. तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

काय काय लागेल

फार काही नाही. तिकिटं उचलायचा चपट्या टोकाचा चिमटा (भुवयांचा नको, त्याची धार तिकिटाला लागते), दहापट मोठं दाखवणारं भिंग, परफोरेशन गेज म्हणजे कडेची भोकं मोजायची पट्टी, काळा गुळगुळीत ट्रे किंवा काळा कार्डपेपर, पेन्सिल, आणि फ्लॅटबेड स्कॅनर असला तर उत्तम, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा चालतो. तिकिटांचा छापील कॅटलॉग, म्हणजे प्रत्येक तिकिटाला नंबर आणि किंमत दिलेली यादी, पूर्ण विकत घ्यायची गरज सुरुवातीला नाही. कागदपत्रं म्हणाल तर संग्रहाबरोबर आलेलं काहीही फेकू नका, पावत्या, पोस्टाची माहितीपत्रकं, लिलावाच्या याद्या, वडिलांच्या किंवा मामांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. मला एक तिकीट बाबांनी कधी आणि कितीला घेतलं ते अशाच एका चिठ्ठीवरून कळलं.

आणि एक, मुंबई-कोकणात राहत असाल तर हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नका. दमट हवेत कोऱ्या तिकिटाचा मागचा गोंद ओलसर होतो आणि तिकीट जिथे ठेवाल तिथे चिकटतं. मी जुलैमध्ये सुरुवात केली होती, एक ब्लॉक, म्हणजे न फाडलेल्या तिकिटांचा एकसंध तुकडा, स्टॉकबुकच्या पट्टीला चिकटला तो चिकटलाच.

१. आधी फक्त मोजा, काहीही हलवू नका

पहिला मोह होतो तो सगळी तिकिटं बाहेर काढून देशाप्रमाणे लावायचा. नका करू. ज्याने संग्रह केला त्याने काहीतरी क्रम ठेवलेला असतो, तो तुम्हाला आज कळत नसेल पण महिन्याभराने कळेल. बाबांच्या दुसऱ्या स्टॉकबुकात मला वाटलं एकच तिकीट उगाच दोन-दोन ओळींत लावलंय, नंतर समजलं की वॉटरमार्क (कागदातच असलेली पुसट आकृती) वेगळे आहेत म्हणून त्यांनी वेगळे केले होते. मी ते एकत्र केले असते तर त्यांची मेहनत पाण्यात गेली असती.

तेव्हा प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, स्टॉकबुकाच्या पाठीवर पेन्सिलने नंबर टाका, पानांना नंबर टाका आणि अंदाजे मोजणी कागदावर लिहा. एक रविवार पुरतो.

२. सॉफ्टवेअर निवडताना एकच प्रश्न आधी विचारा

प्रश्न हा की मी भरलेली माहिती मला परत बाहेर काढता येईल का. बाकी सगळं नंतर.

मी हे विचारलं नाही. एक दिसायला सुंदर प्रोग्राम ट्रायलवर घेतला, रोज रात्री बसून सहाशेच्या आसपास तिकिटं भरली, ट्रायल संपली आणि मग कळलं की एक्सपोर्टचं बटण फक्त पैसे भरल्यावर चालतं, आणि चाललं तरी जी फाइल निघते ती त्यांच्याच प्रोग्राममध्ये उघडते. सहाशे तिकिटं परत टाइप केली. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तर पहिल्या दिवशी फक्त पाच तिकिटं भरा, एक्सपोर्ट करा, ती फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा आणि मगच सहावं तिकीट भरा.

आता पर्याय काय ते सांगते.

सर्वात सोपा म्हणजे गूगल शीट्स, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क. स्प्रेडशीट बहुतेकांना येते, मराठीत लिहिता येतं, माहिती तुमच्या हातात राहते. माझ्या संग्रहाचा मुख्य कॅटलॉग आजही शीटमध्येच आहे.

दुसरा, कोल्नेक्ट. ही ऑनलाइन साइट आहे, जगभरातल्या संग्राहकांनी मिळून तिकिटांची यादी फोटोंसकट तयार केलीय. तुम्ही देश आणि वर्ष निवडायचं, तिकीट ओळखायचं आणि माझ्याकडे आहे, हवं आहे किंवा अदलाबदलीसाठी आहे अशी खूण करायची. मिशेल, स्कॉट, स्टॅनली गिबन्स अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅटलॉग नंबर एकत्र दिसतात त्यामुळे ओळख पटवायला फार उपयोगी. पण तिकीट तुमच्या घरात कुठल्या पानावर आहे हा हिशेब तुमचा तुम्हालाच ठेवावा लागतो.

लिनक्स वापरत असाल तर टेलिको नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात तिकिटांच्या संग्रहाचा साचा आधीच तयार मिळतो. स्टॅम्पमॅनेज, ईझीस्टॅम्प असे पैसे देऊन घ्यायचे प्रोग्रामही आहेत, पण ते मुख्यतः अमेरिकेतल्या स्कॉट नंबरांवर चालतात आणि आपल्याकडे विक्रेते जास्त करून स्टॅनली गिबन्सचा, म्हणजे एसजी नंबर बोलतात. भारताचा संग्रह असेल तर माझं मत, शीट अधिक कोल्नेक्ट, बस.

३. रकाने ठरवा, आणि इथे घाई करू नका

मी ठेवलेले रकाने असे: नोंद नंबर, देश, वर्ष, विषय, दर्शनी किंमतीचा आकडा, चलन, रंग, परफोरेशन, वॉटरमार्क, स्थिती, नग, जागा, एसजी नंबर, कुठून आलं, दिलेले पैसे, टीप. सोळा झाले. सगळे प्रत्येक तिकिटाला भरायचे असं नाही, पण नोंद नंबर, देश, विषय, स्थिती, नग आणि जागा हे सहा रिकामे राहता कामा नयेत.

किंमत आणि चलन वेगळं का, तर आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपये-आणे-पै होते, मग नये पैसे आले, १९६४ मध्ये त्यातलं नये गेलं आणि नुसते पैसे राहिले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्याची तिकिटं असतील तर तिथे रेइस, तांगा, रुपिया आणि १९५९ पासून सेंताव्हो आणि एस्कुदो. एकाच रकान्यात हे सगळं कोंबलं तर पुढे काहीच शोधता येत नाही.

स्थितीसाठी चारच शब्द ठेवा आणि ते ड्रॉपडाउनमध्ये टाका म्हणजे दरवेळी टाइप करायला नको: मिंट (गोंद शाबूत, हिंज म्हणजे अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी कधी लागलेली नाही), हिंज्ड (कोरं पण मागे हिंजचा डाग), यूज्ड (पोस्टात खरंच वापरलेलं), आणि सीटीओ (कॅन्सल्ड टू ऑर्डर). हा शेवटचा नवख्यांना माहीत नसतो. शिक्का आहे पण मागे गोंद तसाच्या तसा, म्हणजे ते तिकीट पत्रावर कधी लागलंच नाही, संग्राहकांना विकायला म्हणून शिक्का मारूनच छापखान्यातून बाहेर पडलं. आपल्या लहानपणी पाकिटांत मिळायची ती अजमान, मनामा, फुजैरा, उम्म अल-क्वैनची रंगीत मोठी तिकिटं बहुतेक या प्रकारातली. दिसायला छान असतात, जरूर ठेवा, पण यूज्ड म्हणून नोंदवू नका.

स्प्रेडशीटचे सापळे, हे नीट वाचा कारण यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं:

अर्ध्या आण्यासाठी १/२ टाइप केलंत तर शीट त्याची तारीख करून टाकते. जागेसाठी तिसरं स्टॉकबुक, बारावं पान, चौथी ओळ असं ३-१२-४ लिहिलंत तर त्याचीही तारीख होते, आणि मूळ काय लिहिलं होतं ते नंतर समजत नाही. नोंद नंबर ००१४ लिहिला तर पुढचे शून्य गायब. म्हणून काही भरायच्या आधी हे रकाने सिलेक्ट करून फॉरमॅट प्लेन टेक्स्ट करा. भरून झाल्यावर करून उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही.

एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. सिंध डाक १ जुलै १८५२ चं, अख्ख्या हिंदुस्थानासाठीची पहिली तिकिटं १८५४ ची, म्हणजे नेमका जुना माल गोंधळात. उपाय सोपा, वर्षाचा रकाना वेगळा, त्यात फक्त चार आकडी वर्ष, आणि पूर्ण तारीख हवी असेल तर टीपमध्ये.

आणि एकच नाव एकाच पद्धतीने लिहा. मी कधी गांधी, कधी महात्मा गांधी, कधी गांधीजी लिहिलं आणि मग शोधताना निम्मी तिकिटं येईनात. विषयाची एक यादी वेगळ्या शीटवर करा आणि तिथूनच उचला.

४. देश ओळखणं

डब्यातल्या सुट्या तिकिटांत वेळ इथेच जातो. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नावच नसतं, फक्त राजाचा किंवा राणीचा चेहरा. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, माग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी फिनलंड, स्वेरिये स्वीडन, पोल्स्का पोलंड, एलास ग्रीस, श्किपेरिया अल्बानिया. रशियन लिपीत सीसीसीपीसारखं दिसणारं ते सोव्हिएत संघ.

आपल्या घरचा मामला जास्त अवघड. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा ही संस्थानं ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर आपलं नाव छापून वापरायची, आणि भोर, इंदूर, हैदराबाद, त्रावणकोर यांची स्वतःची तिकिटं होती. मी देशाच्या रकान्यात सगळ्यांना भारत लिहिलं आणि संस्थान असा एक रकाना वाढवला. गोव्याच्या तिकिटांसाठी मात्र देश पोर्तुगीज इंडिया असंच लिहिलं कारण कॅटलॉगमध्ये ती तशीच सापडतात, आणि टीपमध्ये गोवा. तुम्ही उलटं केलंत तरी चालेल, फक्त एकदा ठरवलं की तेच ठेवा.

५. एक तिकीट पहिल्यापासून शेवटपर्यंत

नकाशाच्या मालिकेतलं ५ नये पैशांचं हिरवं तिकीट घेऊ, हे कुठल्याही भारतीय संग्रहात असतंच. वर भारताचा नकाशा, एवढंच चित्र. १९५७ मध्ये ही मालिका निघाली तेव्हा कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क होता, १९५८ पासून अशोकस्तंभाचा आला. समोरून बघून दोन्ही सारखीच.

तिकीट चिमट्याने उचला, चित्र खाली करून काळ्या ट्रेवर ठेवा आणि टेबललॅम्प बाजूने तिरका धरा. हळूहळू फिरवा. कागदात पुसटशी आकृती दिसेल, लहान लहान तारे सगळीकडे पसरलेले किंवा मग सिंहांची मुद्रा पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा मला वीस मिनिटं काही दिसलं नाही, आणि मग एकदम दिसलं, आणि त्यानंतर दिसतच राहिलं. डोळ्याला सवय व्हावी लागते, धीर सोडू नका. बाजारात वॉटरमार्क बघायचं द्रावण मिळतं, पण ते चटकन पेटतं आणि काही शाई त्याने उतरते, त्यामुळे स्वस्त डुप्लिकेटवर आधी करून बघा आणि स्वयंपाकघरात तर अजिबात नको. कोरं तिकीट पाण्यात कधीच घालायचं नाही, गोंद गेला की ते मिंट राहत नाही.

मग भोकं. परफोरेशनचा आकडा म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये किती भोकं येतात तो. गेजवर तिकिटाची वरची कड सरकवत न्या, जिथे भोकं पट्टीवरच्या खुणांशी बरोबर जुळतील तो आकडा. वरची कड आधी, मग बाजूची, दोन्ही सारख्या असल्या तर एकच आकडा लिहायचा.

मग भिंगातून शिक्का बघा. गावाचं नाव आणि तारीख वाचता येत असेल तर ते टीपमध्ये घाला, पुढे हाच सगळ्यात वाचनीय रकाना होतो. माझ्याकडे एका साध्या तिकिटावर आजोबांच्या गावचा शिक्का निघाला, किंमत काही नाही पण ते मी वेगळं ठेवलंय.

आता शीटमध्ये ओळ भरा. एकाच प्रकारची, एकाच वॉटरमार्कची, एकाच स्थितीतली सात तिकिटं असतील तर एक ओळ आणि नग सात. वॉटरमार्क किंवा स्थिती बदलली की नवी ओळ. एफडीसी (तिकीट निघाल्याच्या पहिल्या दिवसाच्या शिक्क्याचं पाकीट), मिनिएचर शीट (एक-दोन तिकिटांचा सजवलेला छोटा कागद), पत्रावर लागलेलं तिकीट यांना प्रत्येकी स्वतंत्र ओळ.

अशी दिसायला सारखी पण वेगळी तिकिटं आणखी आहेत, लक्ष असू द्या. पंचम जॉर्जची लंडनहून छापून आलेली तिकिटं एका ताऱ्याच्या वॉटरमार्कची, १९२६ पासून नाशिकच्या प्रेसमध्ये छापलेली अनेक ताऱ्यांची. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत १ आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाचं चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं छापलं गेलं, १९५० मध्ये सरळ करून परत काढलं, तेव्हा पसरलेला हात कुठल्या बाजूला आहे ते बघा. दोन्ही तुमच्याकडे असतील तर दोन ओळी.

६. फोटो

६०० डीपीआयला स्कॅन करा, खाली काळा कागद म्हणजे भोकं स्पष्ट दिसतात. एका वेळी अख्खं पान स्कॅन करून नंतर कापलं तरी चालतं. फाइलचं नाव म्हणजे नोंद नंबर, दुसरं काही नाही. नावात विषय, वर्ष, रंग असं घालत बसलात तर शंभराव्या फाइलला पद्धत बदलते. फक्त महत्त्वाच्या तिकिटांचे फोटो काढलेत तरी काही बिघडत नाही, चार हजारांपैकी मी नऊशेचे काढले.

७. जागा

माझ्या मते कॅटलॉगमधला सगळ्यात मोलाचा रकाना हाच. तिकीट आहे असं शीट सांगते आणि ते मिळत नाही, तर त्या नोंदीचा काय फायदा? अक्षरं घालून कोड करा, ब३पा१२ओ४, म्हणजे तिसरं बुक, बारावं पान, चौथी ओळ. अक्षरं असली की तारीख व्हायची भीतीही नाही. तिकीट हलवलं की आधी शीटमध्ये जागा बदला मग तिकीट हलवा, याच क्रमाने, कारण उलट केलं की फोन वाजतो, दूध उतू जातं आणि राहून जातं. स्टॉकबुकवर लेबल लावा, तिकिटावर किंवा त्याच्या मागे मात्र पेन्सिलनेही काही लिहू नका.

८. किंमतीचा रकाना

घरातले सगळे आधी हेच विचारतात. कॅटलॉगमधला आकडा म्हणजे चांगल्या स्थितीतल्या तिकिटाची दुकानातली विक्री किंमत, तुम्ही विकायला गेलात तर त्याच्या बराच खाली भाव मिळतो. सत्तरच्या दशकानंतरची भारतीय तिकिटं मोठ्या संख्येने छापली गेलीत, त्यातून घर होणार नाही. म्हणून मी कॅटलॉगची किंमत सगळ्यांना भरली नाही, फक्त पन्नास-साठ तिकिटांना, आणि शेजारी कुठल्या वर्षाचा कॅटलॉग ते लिहिलं.

भारी तिकीट सापडलं असं वाटलं तर थांबा. १९४८ च्या गांधींच्या चार तिकिटांच्या सेटमधलं १० रुपयांचं तिकीट सगळ्यांना हवं असतं आणि त्याच्या नकलाही तेवढ्याच फिरतात. जाणकाराला दाखवेपर्यंत टीपमध्ये तपासायचं आहे एवढंच लिहा, खरं असं लिहू नका.

९. बॅकअप आणि मराठीचा एक सापळा

दर रविवारी शीटची एक प्रत सीएसव्ही (कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणारी साधी टेक्स्ट फाइल) करून पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर, फोटोही तसेच. इथे एक होतं, शीटमधून काढलेली मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडली की अक्षरांच्या जागी कचरा दिसतो आणि पोटात गोळा येतो. माहिती गेलेली नसते. ती फाइल सेव्ह न करता बंद करा, एक्सेलच्या डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही इम्पोर्ट करा आणि एन्कोडिंगला यूटीएफ-८ निवडा, सगळं नीट दिसतं. कचऱ्यासकट सेव्ह केलंत तर मात्र खरंच जातं.

वर्षातून एकदा अख्खी यादी छापून स्टॉकबुकांबरोबर ठेवा, आणि पासवर्ड घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

१०. रोज किती

वीस ओळी, त्याहून जास्त नाही. रात्री थकल्या डोळ्यांनी भरलेल्या नोंदी मला सकाळी दुरुस्त कराव्या लागल्यात. एक पान संपल्यावर शीटमधले नग आणि पानावरचे नग मोजून जुळवा, चूक निघाली तर तिथल्या तिथे सापडते, शेवटी शोधणं अशक्य.

निम्मं काम झालं की शीटमध्ये आणखी एक टॅब उघडा, हवी असलेली तिकिटं. मालिका निवडून फिल्टर लावलं की काय नाही ते लगेच दिसतं. प्रदर्शनाला किंवा विक्रेत्याकडे जाताना हा टॅब मोबाईलवर ऑफलाइन घेऊन जा, म्हणजे घरात आहे तेच पुन्हा विकत घेतलं जात नाही, आणि नग दोनच्या वर असलेल्यांची यादी बरोबर न्या, अदलाबदलीला कामाला येते. माझ्या या टॅबमध्ये बरेच महिने १२ आण्याचं गांधी होतं, दोन विक्रेत्यांकडे विचारूनही झालं होतं, आणि ते शेवटी निघालं एका लग्नपत्रिकेच्या पाकिटातून, बटरपेपरमध्ये घडी घालून ठेवलेलं. आता ते ब२पा१ओ१ ला आहे.